सात की नऊ

अंबरनाथच्या शिवमंदिरात गाभाऱ्याकडे उतरणाऱ्या रांगेत उभं राहिलं, की पुढची किंवा मागची एखादी आजी नातवाला गोष्ट सांगत असते. पांडव वनवासात हिंडत हिंडत इथे आले, एका रात्रीत देऊळ बांधायला घेतलं, कळसापाशी पोचता पोचता पहाट झाली आणि वरचं छप्पर राहूनच गेलं. नातू मान वर करतो. खाली गाभाऱ्यात खरंच वरून उजेड पडलेला असतो. पुरावा डोळ्यांसमोर असताना गोष्टीवर शंका कोण घेणार?

रांगेत कोणी मास्तर असले तर ते तिथल्या तिथे दुरुस्ती करतात. "पांडवबिंडव काही नाही हो, हे हेमाडपंती." आपल्याकडे काळा दगड, चुन्याशिवाय रचलेला चिरा आणि आत अंधार एवढं जमलं, की देऊळ हेमाडपंती होतं. हेमाडपंत, म्हणजे हेमाद्री, देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा करणाधिप. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. अंबरनाथचं देऊळ उभं राहिलं तेव्हा हेमाद्रीच्या जन्माला शेदीडशे वर्षं तरी अवकाश होता. पण हे आपण आज छातीठोकपणे म्हणू शकतो ते एका आकड्याच्या जोरावर, आणि तो आकडाही आधी चुकीचाच वाचला गेला होता.

कल्याणहून पुढे खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग 1856 साली सुरू झाला. त्याआधी अंबरनाथ म्हणजे वालधुनी नदीच्या काठचं एक खेडं. गाडी आली, मुंबईहून साहेबलोकांचं येणंजाणं वाढलं आणि झाडोऱ्यात उभं असलेलं हे शिखर मोडलेलं देऊळ लोकांच्या नजरेत भरू लागलं. 1868 साली सरकारने त्याच्या नोंदी करवून घ्यायचं ठरवलं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे टेरी यांच्या देखरेखीखाली विद्यार्थी आणि कारागीर इथे येऊन राहिले. मोजमापं घेतली, चित्रं काढली, कोरीवकामाचे साचे उतरवले. भारतातल्या एखाद्या देवळाची इतकी तपशीलवार नोंद होण्याचे ते अगदी सुरुवातीचे दिवस. मला त्या पोरांचं नेहमी कौतुक वाटतं. कलाशाळेत ग्रीक पुतळ्यांच्या प्रतिकृती समोर ठेवून रेखाटन शिकायचं, आणि इथे येऊन नागमोडी भिंतीवरच्या चामुंडेच्या फासळ्या मोजायच्या. गुरुजींनी शिकवलेलं अर्धं शास्त्र त्यांना इथे गुंडाळून ठेवावं लागलं असेल.

याच सुमारास देवळाच्या उत्तर दाराच्या तुळईवर, आतल्या अंगाला, कोरलेला लेख अभ्यासकांच्या हाती लागला. तो वाचला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. भाऊ मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या डॉक्टरांपैकी एक. दिवसा रोगी तपासायचे आणि उरलेल्या वेळात ताम्रपट, नाणी, शिलालेख. भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या संग्रहालयाला आज त्यांचं नाव आहे. भाऊंनी लेखातलं वर्ष वाचलं शके 782, म्हणजे इसवी सन 860.

हे वाचन काही वर्षं टिकलं. मग भगवानलाल इंद्रजींनी तोच लेख पुन्हा पाहिला. भगवानलाल जुनागडचे. गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या शिलालेखाची अक्षरं लहानपणीच स्वतःच्या स्वतः लावू लागलेला हा मुलगा भाऊ दाजींनी मुंबईला बोलावून घेतला, पदरी ठेवला, देशभर हिंडवला. भाऊंनी प्रसिद्ध केलेल्या कित्येक लेखांचे ठसे मुळात भगवानलालांच्या हातचे. 1874 साली भाऊ गेले. त्यानंतर भगवानलालांनी अंबरनाथच्या लेखाची नवी प्रत आणि नवं वाचन छापलं, त्यात वर्ष होतं शके 982. पहिला आकडा सात नव्हता, नऊ होता.

नागरीतला सात आणि नऊ दोन्ही गाठ मारून वळणारे आकडे. कोकणातला पाऊस, दिव्याची काजळी, आठशे वर्षांचा तेलकटपणा. त्यात दगडाचा पापुद्रा सुटला, की एकाचा दुसरा व्हायला किती वेळ लागतो? भाऊंना दोष देण्यात अर्थ नाही. पण शिष्याने गुरूची चूक गुरूच्या माघारी, गाजावाजा न करता, नीट ठसा छापून दुरुस्त केली, ही गोष्ट मला त्या देवळाइतकीच देखणी वाटते.

आणि आकडा बदलला, की सगळं कसं जागच्या जागी बसतं पाहा. लेखात राजाचं नाव आहे महामंडलेश्वर माम्वाणिराजदेव. शके 782 मध्ये उत्तर कोकणात कोण राज्य करत होतं, हे कान्हेरीच्या लेण्यांनी सांगून ठेवलंय. तिथल्या शके 775 आणि 799 च्या लेखांत शिलाहार कपर्दी आणि त्याचा सम्राट, राष्ट्रकूट अमोघवर्ष, यांची नावं आहेत. त्या दोन वर्षांच्या मध्ये माम्वाणी नावाचा राजा घुसवायला जागाच नाही. उलट शके 970 चा एक ताम्रपट ठाण्याचा आहे, आणि तो देणारा राजा मुम्मुणी. माम्वाणी आणि मुम्मुणी ही एकाच माणसाची दोन रूपं. बारा वर्षांनी तोच राजा अंबरनाथच्या तुळईवर दिसतो. लेखातली तिथी श्रावण शुद्ध नवमी, वार शुक्रवार. हिशेब केला, की साल येतं इसवी सन 1060.

म्हणजे ऐन पावसाळा. वालधुनी दुथडी वाहत असणार, आणि दगडावर पाणी निथळत असताना कोणी लेखक तुळईखाली मान वाकडी करून अक्षरं खोदत असणार. बाहेर काम करणं शक्य नव्हतं म्हणून लेख आत खोदला, असं मी म्हणणार नाही, पण कोकणात राहिलेल्या कोणालाही तो विचार शिवून जाईलच.

हे शिलाहार कोण, तर राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून सुरुवात केलेलं घराणं. बिरुद "तगरपुरवराधीश्वर", म्हणजे आजच्या तेरचे मूळ मालक असल्याचा दावा, झेंड्यावर सुवर्णगरुड, आपण विद्याधर जीमूतवाहनाचे वंशज अशी समजूत. राजधानी पुरी आणि श्रीस्थानक, आपलं ठाणं. चौदाशे गावांचं कोकण त्यांच्याकडे होतं. पैसा यायचा तो बंदरांतून. ठाणं, सोपारा, चौल इथे अरबांची गलबतं लागत. अल मसूदीने चौलला भेट दिली तेव्हा तिथला राजा झंझ असल्याचं त्याने लिहून ठेवलंय. या झंझाने स्वतःच्या नावे बारा शिवालयं बांधल्याची फुशारकी पुढच्या शिलाहारांचे ताम्रपट मारतात. त्या बारांपैकी एकही नक्की ओळखता येत नाही. शिल्लक राहिलं ते त्याच्या पुढच्या पिढ्यांतलं अंबरनाथ.

देऊळ नेमकं कोणी बांधलं, याचा घोळही लेखातल्याच एका शब्दाने करून ठेवलाय. माम्वाणीच्या राजवटीतला हा लेख त्याचा थोरला भाऊ छित्तराज याच्या "भवना"चा उल्लेख करतो. भवन म्हणजे राहता वाडा की देवाचं घर? अभ्यासकांनी दोन्ही अर्थ लावून पाहिले. आज बहुतेकांचं मत असं, की छित्तराजाने देऊळ सुरू केलं आणि मुम्मुणीच्या काळात ते पुरं झालं. मधे नागार्जुन नावाचा तिसरा भाऊ राज्य करून गेला. छित्तराजाचे ताम्रपट शके 946 पासून मिळतात, तेव्हा काम तीसेक वर्षं रेंगाळलं असेल. एका रात्रीच्या मानाने जरा जास्तच. देवाचं नावही लेखात आम्रनाथ असं येतं. आंब्याचा नाथ. वर आभाळ उघडं म्हणून अंबरनाथ, ही फोड नंतरची; पण इतकी गोड, की खोडून काढायला जीव होत नाही.

आता देवळाकडे येऊ. स्टेशनच्या पूर्वेला उतरून रिक्षावाल्याला "शिवमंदिर" एवढंच म्हणायचं. देऊळ पश्चिमाभिमुख आहे आणि पहिल्या नजरेत बुटकं वाटतं. शिखराचा वरचा भाग गेलेला, भोवतालची जमीन चढलेली. पण बाहेरून एक फेरी मारा, शक्यतो तिसऱ्या प्रहरी, उन्हं तिरपी असताना. भिंत कुठेही सरळ धावत नाही. दोन हात गेली, की कोनात वळते, पुढे येते, पुन्हा आत शिरते. कारण आराखड्यातच आहे. दोन चौकोन घेतले, मोठा सभामंडपाला आणि लहान गाभाऱ्याला, आणि ते कोपऱ्याला कोपरा भिडवून ठेवले. मग प्रत्येक बाजूला पायऱ्यापायऱ्यांसारखे कोन काढत नेले. प्रत्येक कोनाला एक उजेडाची आणि एक सावलीची बाजू मिळते, आणि ऊन सरकलं, की सावल्या सरकतात. काळ्या बसाल्टला रंग नाही, संगमरवराची झिलई नाही. त्या दगडाकडून नक्षी वदवून घ्यायची, तर सावलीलाच कामाला लावावं लागतं, हे त्या सूत्रधाराला पक्कं ठाऊक होतं.

खालून वर बघत गेलं, तर आधी जोत्याचे आडवे थर येतात. त्यात कीर्तिमुखांची ओळ आहे, हत्तींची आहे, माणसांची आहे. त्यावर जंघा, म्हणजे मूर्ती असलेली मुख्य भिंत. त्यावर शिखर सुरू होतं, आणि खरी गंमत तिथे आहे. हे भूमिज शिखर. चारी बाजूंना मधोमध खालून वर चढत गेलेला एकेक उभा पट्टा असतो, त्याला लता म्हणतात. तिच्यावर जाळीसारखी बारीक नक्षी. दोन लतांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या माळा. प्रत्येक मणी म्हणजे खांबावर उभं असलेलं बोटभर देऊळ. ओळीवर ओळ, वर जाताना लहान होत जाणारी. एका शिखराच्या अंगावर शेकडो शिखरं. नारळाच्या करवंटीवर तांदळाएवढी नक्षी कोरणारा कारागीर जसा आधी आखणी करतो, तशी ही सगळी मापं पायथ्याशीच ठरलेली असली पाहिजेत; वर गेल्यावर जागा कमी पडली, असं म्हणायची सोय नाही.

हा घाट कोकणातला नाही. तो माळव्याचा. भूमिज हा शब्दच मुळी समरांगणसूत्रधारात येतो, आणि तो ग्रंथ परमार राजा भोजाच्या नावावर आहे. या भोजाचे 1020 सालचे दोन ताम्रपट आहेत, बांसवाड्याचा आणि बेटम्याचा. दोन्ही दानं कोकणविजयाच्या उत्सवाप्रीत्यर्थ दिलेली. म्हणजे छित्तराज गादीवर येण्याच्या थोडंच आधी माळव्याचं सैन्य कोकणात उतरून गेलं होतं. शिलाहारांना तो अपमान किती झोंबला ते कुठे नोंदलेलं नाही. मात्र चाळीस वर्षांच्या आत त्यांच्या राज्यात जेत्याच्या घाटाचं शिखर चढलं. सैन्याबरोबर सूत्रधार आले, की नंतर कोणी माळव्यात जाऊन शिकून आलं, की पैसा दिसला तिथे कारागीर आपसूक चालत आले, यातलं काहीही घडलं असेल. मला तिसरी शक्यता सगळ्यात माणसासारखी वाटते. परमारांचं स्वतःचं सर्वांत प्रसिद्ध भूमिज देऊळ, विदिशेजवळच्या उदयपूरचं उदयेश्वर, त्यावर ध्वज चढला 1080 साली. अंबरनाथचा लेख त्याच्या वीस वर्षं आधीचा.

आणि इथेच 782 चं वाचन दुसऱ्या बाजूनेही कोसळतं. नवव्या शतकात असं पूर्ण वयात आलेलं भूमिज शिखर दाखवायचं तर सगळ्या मध्ययुगीन शिखरांचा क्रमच उलटापालटा करावा लागेल. तुळईवरचा आकडा समजा पार झिजून गेला असता, तरी शिखराने आपलं वय सांगितलंच असतं, फक्त तारीख आणि वार सांगता आला नसता.

हे शिखर अर्धवट राहिलं की पडलं? पांडवांची गोष्ट म्हणते राहिलं. जे थर जागेवर आहेत, त्यांच्यावरचं काम शेवटच्या टाकीपर्यंत पुरं झालेलं दिसतं. माझा कौल पडण्याच्या बाजूने. मुळात ते कसं दिसत असेल, हे बघायचं असेल तर सिन्नरला गोंदेश्वराला जा, नाहीतर मालेगावकडे झोडग्याला माणकेश्वराला. दोन्ही नंतरची, पण शिखरं बऱ्याच अंशी शाबूत. गोंदेश्वर पाहून आल्यावर अंबरनाथचं तुटलेलं टोक डोळ्यांना आपोआप पुरं दिसू लागतं.

भिंतीवरच्या मूर्ती मात्र सोसून सोसून मऊ झाल्यात. नाकंडोळे गेले, बोटं गेली, कुठे नुसता कमरेचा बाक राहिलाय. तरी गजासुराचं कातडं डोक्यावर ताणून धरलेला शिव ओळखू येतो, नाचणारा शिव ओळखू येतो, पार्वतीचा हात हातात घेतलेला नवरदेव शिवही. आणि चामुंडा. आजूबाजूच्या सुरसुंदऱ्या भरल्या अंगाच्या, आणि त्यांच्यात ही हाडांचा सापळा, खपाटीला गेलेलं पोट, एकेक बरगडी वेगळी. इतर मूर्तींची झीज जिथे नुकसान वाटते, तिथे हिच्या अंगावर ती शोभून दिसते. पावसाने नऊशे वर्षं तिचं काम पुढे चालवलंय.

एका मूर्तीपाशी मी दर खेपेला थांबतो. तीन मुखं, अनेक हात. वाटतं, हा ब्रह्मदेव. मग हातातल्या वस्तू निरखू लागलं, की घोटाळा सुरू होतो. शिवाची खूण आहे, विष्णूची आहे, ब्रह्म्याची आहे आणि सूर्याचीही. हरिहरपितामहार्क. चौघे देव एकाच अंगात. अकराव्या शतकात ही कल्पना पश्चिम भारतात रुळलेली होती, गुजरात-राजस्थानातही अशा मूर्ती आहेत. शिवाच्या देवळात विष्णू आणि सूर्य यांना बाहेर दारात उभं न करता शिवाच्याच शरीरात जागा दिली. बंदरातल्या राजाला शोभेल असा हा व्यवहार. सगळ्या पंथांचे व्यापारी ज्याच्या जकातनाक्यावर येतात, त्याच्या देवळात असा देव बसला तर नवल कसलं?

आत सभामंडपाला तीन बाजूंना दारं आहेत, प्रत्येकापुढे मुखमंडप. मधे चार खांब. खाली चौकोनी, वर जाता जाता अष्टकोनी, मग गोल, आणि एकही बोटभर जागा कोरी न सोडलेली. त्यांच्यावर घुमटी छत. एकात एक लहान होत जाणारी दगडी वर्तुळं, प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवलेला. कमान नाही, चुना नाही. नुसता वजनाचा तोल. छताखाली उभं राहून वर पाहिलं, की मान दुखते आणि तरी खाली घ्यावीशी वाटत नाही.

मग गाभारा. गाभाऱ्यात पाऊल टाकायचं तर उतरावं लागतं, वीसेक पायऱ्या. पायऱ्या ओल्या असतात, हाताला भिंत गार लागते, मंडपातला गलका एकदम वर राहतो. तळाशी नक्षी नाही. खांब नाहीत. साध्या भिंती, मधे जमिनीलगत स्वयंभू पिंड, तिच्यावर ठिबकणारं पाणी आणि वरून आलेला तो उजेड. बाहेर ज्या हातांनी एक वीतही रिकामी सोडली नाही, ते हात इथे थांबले. पिंड आधीची असावी आणि देऊळ तिच्याभोवती, तिला न हलवता, वर वर चढवत नेलं असावं, असं तिथे उभं राहिलं, की पटतं.

मुम्मुणीचं पुढे काय झालं? त्याची एक लोभस आठवण त्याच्या स्वतःच्या राज्यात नाही, तर धारवाडजवळच्या नरेंद्र गावातल्या बाराव्या शतकातल्या शिलालेखात सापडते. गोव्याचा कदंब राजा षष्ठदेव जहाजांचा ताफा घेऊन ठाण्याला आला. मुम्मुणी त्याला सामोरा गेला, वाड्यात घेऊन आला, पाहुणचार केला, आणि आपली मुलगी त्याला दिली. वर पाच लाख सोन्याची नाणी. कदंबांच्या कवीने लिहिलंय म्हणजे आकडा फुगवलेला असणार. आणि शिड उभारलेल्या आरमारासमोर लावलेलं लग्न कितपत राजीखुशीचं असतं, हाही प्रश्न आहेच. पण गोव्याचा जावई आणि ठाण्याचा सासरा ही सोयरीक झाली खरी.

मुम्मुणीनंतर घरात भाऊबंदकी माजली. शके 1016 च्या खारेपाटणच्या ताम्रपटात अनंतदेव शिलाहार सांगतो, की दायादांच्या वैरामुळे कोकण परक्यांच्या हाती लागलं, देवाब्राह्मणांना छळ सोसावा लागला, आणि मी त्या दुष्टांना तलवारीच्या धारेत बुडवलं. त्या धामधुमीत अंबरनाथला काय सोसावं लागलं, ताम्रपट सांगत नाही. शिलाहार पुढे आणखी पावणेदोनशे वर्षं टिकले. शेवटचा सोमेश्वर देवगिरीच्या महादेव यादवाशी लढताना समुद्रात बुडाला. महादेवाची ही थोरवी गाऊन ठेवणारा ग्रंथकार कोण, तर त्याचा करणाधिप हेमाद्री. ज्या घराण्याच्या अंताची नोंद हेमाडपंताने केली, त्याच घराण्याचं देऊळ आज हेमाडपंती म्हणून त्याच्या नावावर खपतं.

महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. वालधुनीच्या पात्रात आता कारखान्यांचं पाणी येतं आणि वारा तिकडून आला, की उदबत्तीचा वास मागे पडतो. मागच्या खेपेला मी उत्तरेच्या दारात उभा राहून तुळईकडे बघत होतो, तर एका सातआठ वर्षांच्या मुलीने विचारलं, "काका, वर काय आहे?" तारीख लिहिली आहे, म्हटलं. तिने खांद्यावरची पाण्याची बाटली आईकडे दिली, टाचा उंचावल्या, डोळे बारीक केले आणि बराच वेळ बघून म्हणाली, "मला तर नुसत्या रेघा दिसतायत."